पुढच्या दाराचं कुलूप

वामनने पेन उघडलं, पण सही केली नाही. अर्ज त्याने पुन्हा एकदा वाचला. एकाच घराची घरपट्टी दोन नावांवर निघते, तरी जुन्या मालकिणीचं नाव कमी करावं. वाक्यात चूक नव्हती. तरीही 'कमी करावं' हे जरा कठोर झालं का, असं त्याला वाटत राहिलं.

"करा ना सही, काका," पंचायतीतली लिपिक उन्नती म्हणाली. "तीन वर्षं हे जास्तीचं बिल तुमच्याकडे येतंय, आणि तुमी आज आलात?"

नवापूरचं ते घर त्याने निवृत्तीनंतर कुंदनकडून घेतलं होतं. स्वतःच्या नावाची पट्टी तो एप्रिलमध्येच भरून टाकी. पण दर वर्षी पुढच्या दाराच्या फटीतून आणखी एक बिल आत सरकवलेलं सापडे. घर तेच, नाव कुंदनच्या आईचं, येसूबाईचं. खाली छापलेलं असे, मुदतीत न भरल्यास कारवाई करण्यात येईल. त्या ओळीने त्याची झोप उडे. त्याने तीन अर्ज लिहिले होते. तिन्ही टेबलाच्या खणात पडून होते. आजचा चौथा.

"तसं हे थकलेलं नाय काही," उन्नती संगणकात बघत म्हणाली. "दर वर्षी मार्चमध्ये भरलं जातं."

"कोण भरतं?"

उन्नतीने हनुवटीने दाराकडे खूण केली. "घ्या. नाव काढलं आणि आल्याच. शंभर वर्षं आयुष्य हाय तुमाला, आजी."

एका म्हातारीने रिकामी टोपली उंबऱ्याबाहेर ठेवली. आत येऊन कमरेची पिशवी सोडली आणि घडी घातलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या. "मोज गो पोरी. वल्या असतील तर सुकव. बोंबलाचा वास येतो म्हणून परत करू नको."

"पन आजी, घर विकलंत ना? मग पट्टी कशाला भरता?"

"कुंदननं विकलं. घेनारा तितं रात नाय. तीन वर्सं झाली, दाराला आमचंच कुलूप हाय. बंद घराची पट्टी कोन भरनार? थकली तर तुमीच लिलावात काढाल."

"रिकामं हाय हे कशावरून?"

"मी दर शुक्रवारी हाक मारते ना दारात. तीन वेला. म्हावरं नको असलं तरी मानूस आतून 'आज नको गो' म्हनतं. तेवढं तर कोनी पन म्हनतं. म्हनजे मग मी पुढच्या शुक्रवारी जाते. तितून कदी आवाज नाय."

"मग हाक तरी कशाला मारता?"

"माजं घर हाय ते. न बोलता कशी पुढं जाऊ?"

वामनने मान खाली घातली. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. शुक्रवारी दहाच्या सुमाराला ती हाक आली की हातातलं पुस्तक तो हळूच मांडीवर ठेवी आणि हलत नसे. नको म्हटलं तर ती विचारील, का नको? कोण तुमी? एकटेच? तिसरी हाक संपून पावलं दूर गेली की तो पान उलटी. तो मागच्या खोलीत राही आणि वाडीकडच्या दाराने ये-जा करी. पुढच्या खोलीत पुस्तकांचे खोके खिडकीपर्यंत रचलेले होते. पुढच्या दाराच्या कुलपाची किल्ली खणात होती, अर्जांच्या खाली.

उन्नतीला हसू आवरेना. "आजी, अहो हेच ते! हेंनीच घेतलंय तुमचं घर."

येसूबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"तुमी रातां तितं?"

"हो."

"माजी हाक ऐकू येते?"

"येते."

"मग ओ का नाय देत?"

येसूबाईने नोटा उचलून पुन्हा पिशवीत घातल्या. "करा सही. घरात मानूस हाय, तर मी कशाला भरू?" टोपली घेऊन ती गेली. वामनने सही केली.

गुरुवारी त्याने कुलपात खोबरेल सोडलं. किल्ली फिरायला संध्याकाळ झाली. शुक्रवारी सकाळी त्याने दोन खोके बाजूला सरकवले, पुढचं दार सताड उघडलं आणि हातात ताटली घेऊन तो ओट्यावर बसला. बोंबील कसे करतात ते त्याला माहीत नव्हतं. ते तिलाच विचारायचं त्याने ठरवलं होतं.

दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी हाक आली. "म्हावरं घ्या, म्हावरं!" तिथल्या घरातून कुणीतरी म्हणालं, "आज नको गो!" मग ती त्याच्या घरासमोर आली. उघड्या दाराकडे, जिथे कुलूप असे त्या कडीकडे तिने पाहिलं. आणि हाक न मारता ती पुढे गेली.

वामन उठला. "येसूबाई!" आवाज त्याचा त्यालाच नीट ऐकू आला नाही. ती चालत राहिली.

"येसूबाई!" पुढच्या वळणावरचा कुत्रा मान वर करून त्याच्याकडे बघू लागला.

ताटली तशीच हातात धरून तो अनवाणी गल्लीत उतरला. "येसूबाई!"

वळणावर ती थांबली. मागे वळली नाही. डोक्यावरची टोपली तिने नीट केली.

"आज नको, दादा," ती म्हणाली.