न पाठवलेली ओळ

निपाणीतल्या गच्चीवर भर दुपारी तंबाखूचा उग्र दर्प घशाला झोंबत होता. उपग्रहाच्या दिशादर्शक संदेशांसाठी पारमिता शून्य-एकच्या ओळी रचायची. अशी ओळ आली की संदेश सुरू झाला, हे रिसीव्हरला कळतं. आजची नवी ओळ तिनं कुणालाच पाठवली नव्हती. तरी रिसीव्हरनं ती हवेतून पकडली.

तिनं ओळ बदलली. तीही पकडली.

"दीपंकर, अँटेना फिरव रं. कुठनं येतंय बघ," ती धाकट्या भावाला म्हणाली.

तिसरी ओळ तिनं लिहिलीच नाही, नुसती मनात जुळवली. रिसीव्हरच्या पडद्यावर तीच उमटली.

फिरवता फिरवता दीपंकर थांबला. दोन पावलं मागं सरला आणि अँटेना काठीसारखी तिच्यावर रोखून उभा राहिला.

"जवळ येऊ नगंस, आक्का. तुझ्याकडनंच येतंय."