सातव्या दारामागं काय

"खिशात काडीपेटी न्हाय ना?" अयोध्याबाईनं शेडच्या दारातच विचारलं.

"मी सिगारेट ओढत नाही, मावशी."

"मग फोन तेवढा त्या डब्यात ठेवा. हितं फटाके बनत्यात."

कृष्णराजनं फोन ठेवला. पुण्याहून तेरखेड्यापर्यंत तो एका पुस्तिकेसाठी आला होता. चोवीस पानांची, तळहाताएवढी. जुन्या व्हिडिओ गेमच्या खोक्यात यायची ती, गेम कसा खेळायचा ते सांगणारी. गेम त्याच्याकडं होता. गेमचं खोकं होतं. खोक्यातला पुठ्ठासुद्धा होता. पुस्तिका तेवढी नव्हती, आणि पुस्तिका नसली की जुने गेम जमवणारी मंडळी त्या संचाला अर्धवट म्हणतात, माणसालाही तेच समजतात. बारा वर्षं तो ती शोधत होता. बारा वर्षांत लोकांची लग्नं होऊन पोरं शाळेत जातात. दोन वर्षांपूर्वी धाराशिवचं एक गेम पार्लर बंद पडलं आणि त्याची रद्दी इथं आली, एवढा माग त्याला आत्ता कुठं लागला होता.

आत आठ बाया रद्दी कापून पुंगळ्या वळत बसल्या होत्या. कुणाचं भूगोलाचं पुस्तक, कुणाची लग्नपत्रिका. सगळ्याचा शेवटी एकच आवाज व्हायचा होता. कृष्णराज वाकून एकेक पुंगळी न्याहाळू लागला.

"गेमच्या पुस्तकाचा कागद गुळगुळीत होता, मावशी. रंगीत. त्याच्या पुंगळ्या नाही ना वळल्या?"

"गुळगुळीत कागदाला खळ धरत न्हाय. वाचलंय तुमचं पुस्तक. शुभांगे, काढ गं."

शुभांगी बारावी झालेली. इंग्रजी वाचणारी शेडमधली एकटीच. तिनं भाकरीच्या पिशवीतून पुस्तिका काढली. कोपरे दुमडलेले, एका पानावर ठेच्याचा डाग. तरी कृष्णराजनं खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले, मगच हात पुढं केला.

"बाळंतपण करायला आलाय काय?" पुंगळ्या वळणारी गंगम्मा म्हणाली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

अयोध्याबाई हसली नाही. तिनं पुस्तिका मधेच उचलून आपल्या मांडीवर ठेवली.

"मागाल ते देतो, मावशी."

"पैसे ऱ्हाऊ द्या. दोन वर्षं झाली, दुपारी भाकरी खाताना शुभांगी आमाला ह्यातलं सांगती. सात दारांचा किल्ला हाय. सहा दारं आमची पाठ हायत. सातव्यापाशी लिवलंय, फुडचं तुमचं तुमी खेळून बघा. आता आमी कशावर खेळावं, पाट्यावर? गेम तुमच्याकडं हाय. सातव्या दारामागं काय हाय तेवढं सांगा आन पुस्तक घेऊन जावा."

बारा वर्षांची वणवण एका वाक्यावर येऊन थांबली होती. कृष्णराजनं खोक्यावरचं चित्र डोळ्यांपुढं आणलं. अंधार, एक हात, हातात कंदील. बाकी काही नाही.

"राजकन्या असते," तो म्हणाला. "कोंडलेली. हिरो तिला सोडवतो."

पुंगळ्या वळणारे हात थांबले.

"कोण हिरो?" शुभांगीनं विचारलं.

"तो. कंदीलवाला."

"ती दारवानाची बायको हाय. पान चार. नवरा किल्ल्यात गेला तो माघारी आला न्हाय, म्हणून निघालीया. पाचव्या दारात वारं सुटतं, तिथं कंदील पदराखाली धरावा लागतो."

"आन तिचा नवरा सातव्या दारामागं पत्ते खेळत बसलाय," गंगम्मा म्हणाली. "म्या पहिल्यापासून सांगतीया."

कृष्णराज चाचरला. "मी... फोनवर बघून सांगतो. दोन मिनिटं."

"फोनवर तर आमीबी बघितलं असतं. घरोघर फोन हायत. खेळलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय." अयोध्याबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "गेम कुठं हाय?"

"गाडीत."

"आणा."

तो घेऊन आला. काचेसारख्या लख्ख पेटीत निळ्या मखमलीवर गेम ठेवलेला. एवढ्या जपणुकीनं तर त्याच्या आईनंही त्याला वाढवलं नसेल. बाया हातातलं काम टाकून भोवती जमल्या. ह्याच्यातच तो किल्ला, ह्याच्यातच ती बाई, असं एकमेकींना दाखवू लागल्या. एकीनं तर नकळत पेटीपुढं हात जोडले.

"माझ्या घरी टीव्ही हाय. ही काय, पलीकडंच वस्ती," अयोध्याबाई म्हणाली. "चला समदे. तुमी लावा आन खेळा. दिवस मावळला तरी चालंल. सातवं दार उघडलं की पुस्तक तुमचं."

आठही बाया उठल्या. गंगम्मानं डोक्यावरून पदर घेतला, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखा. कृष्णराज मात्र जागचा हलला नाही.

"मावशी, हा गेम लावायला वेगळं यंत्र लागतं."

"मग? घरी इसरलात?"

"घेतलंच नाही कधी."

"दुसऱ्या कुठल्या गेमचं तरी?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"असले गेम किती हायत तुमच्याकडं?"

"तीनशे अकरा."

गंगम्मानं तोंड उघडलं, अयोध्याबाईनं नुसतं तिच्याकडं पाहिलं, आणि ते मिटलं. पेटी छातीशी धरून कृष्णराज खाली मान घालून उभा होता, जत्रेत चुकलेल्या माणसासारखा. पुस्तिका मागायचं धाडसही आता त्याच्यात उरलं नव्हतं.

अयोध्याबाईनं कोपऱ्यातलं एक रिकामं पोतं झटकलं आणि त्याच्यापुढं अंथरलं.

"बूट काढा आन बसा हितं," ती म्हणाली. "शुभांगे, पहिल्या दारापासून सांग ह्यास्नी."