जहाज येऊ द्या

आईने हात वर केला तेव्हा मिर्नाला वाटलं, माशी हाकलतेय. पण हात खाली आलाच नाही.

"एर्लिंडा, तू? जहाज येऊ द्या म्हणतेस?" गावप्रमुखाने पुन्हा विचारलं.

"हो. येऊ द्या."

पुंता गोर्दाच्या किनाऱ्यावर गाव बसला होता. घरटी एक माणूस, मध्ये अंतर सोडून. साथीमुळे सव्वा वर्ष सगळं बंद राहिल्यावर पर्यटकांचं पहिलं जहाज बेटाला लागणार होतं, आणि त्यातल्या पन्नास पाहुण्यांना गावातल्या गारिफुना लोकांचा नाच बघायचा होता. त्यांना गावात घ्यायचं की नाही, ते आज ठरायचं होतं. मिर्ना मागे उपड्या होडीवर बसली होती. तिला मत नव्हतं. तोंड होतं.

"जहाजावर सगळ्यांनी लस घेतलीय," नर्स म्हणाली. "आपल्यात किती जणांनी घेतली? हात वर करा."

तीन हात.

"मग धोका आहे का, हे मला विचारू नका."

तरी जहाज जिंकलं. सोळा विरुद्ध पंधरा. सोळावा हात आईचा. गाव तिच्याकडे बघतच राहिला, कारण मिर्नाचे बाबा, सेल्सो, पर्यटकांना समुद्रात फिरवायचे. शेवटच्या जहाजाची माणसं त्यांच्या होडीत खोकत बसली होती. तीन आठवड्यांत बाबा गेले. पांढऱ्या झग्यातल्या चौघांनी त्यांना नेलं ते थेट खड्ड्यात. तो खड्डाही घरच्यांना लांबूनच दाखवला.

घरी येताच मिर्ना फुटली. "लाज नाही वाटत? बाबांसाठी नऊ दिवसांची प्रार्थना करायची होती, तर दहा माणसंसुद्धा जमू दिली नाहीत. दारात पोलीस उभा केला. आणि त्या गोऱ्यांसाठी तीस नाचणारे जमलेले चालतात?"

"चालतात." आई नारळ खवत होती. "नाचाच्या ताफ्याला परवानगी आहे."

"तुला टिप हवीय!"

"तू पुढे नाचायचंस."

"मेले तरी नाही."

"बरं. मी नाचते."

आईचे गुडघे असे, की चर्चच्या तीन पायऱ्या चढताना ती दोनदा थांबायची.

"पण कशासाठी? सांग ना!"

"तुला सांगितलं की दवंडीवाल्याचं काम उरत नाही," आई म्हणाली आणि दुसरा नारळ फोडला.

ताफ्याची यादी विल्मरकडे गेली. विल्मर जहाजवाल्यांचा माणूस, राजधानीतला. इंग्रजी फाडफाड, गारिफुना भाषेतला मात्र एक शब्द येत नव्हता. यादी बघून त्याने कपाळाला हात लावला.

"एर्लिंडाबाई, हा त्रुहिल्यो गावचा फेर्मिन कोण? एकाहत्तर वर्षांचा?"

"ढोल वाजवतो."

मिर्नाला हसू फुटलं. फेर्मिनकाकांनी जन्मात जाळी विणण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

"आणि ही तेला शहरातली बाई?"

"गाते."

ती आत्या. तिचं आणि आईचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

"अहो, पाहुण्यांना तरण्या पोरी बघायच्या असतात! हा काय वृद्धाश्रम आणताय?"

"ही माणसं नसतील तर नाच नाही," आई शांतपणे म्हणाली. "शोधा दुसरं गाव."

विल्मरने सही केली. एकेक करून सगळे बेटावर उतरले, तपासणीसाठी नाकात काड्या घालून घेतल्या. सगळी बाबांकडची माणसं. बाबा गेले तेव्हा एक जण फिरकला नव्हता. होड्या बंद होत्या म्हणे. आता डॉलरचा वास आला, तर सगळ्यांना होड्या मिळाल्या. मिर्नाने कुणाला पाणीही विचारलं नाही.

रोज संध्याकाळी आई तालमीला म्हणून गावातल्याच तेओफिलामावशीकडे जायची. दार लावून. मिर्नाला बोलावणं नाही. एकदा ती खिडकीखालून ओरडली, "कसली गं तालीम ही? ढोल मेले का तुमचे?" आत कुणीतरी नाक शिंकरलं.

जहाजाच्या दिवशी आईने पहाटेपासून केळी कुटली, नारळाच्या रसात मासा शिजवला. ताट भरून मांडवात टेबलावर ठेवलं. विल्मर धावत आला. "बाई, खायचं काही नाही! नियम आहे!"

"पाहुण्यांना नाही देणार," आई म्हणाली.

दोरीपलीकडे पन्नास खुर्च्या भरल्या. पन्नास मुखपट्ट्या, पन्नास फोन. मिर्ना घेरदार झगा घालून सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. आईला बरं वाटलं असेल. पण मिर्ना नाचायला आलीच नव्हती. जहाजवाल्यांकडून उचललेल्या इंग्रजीत तिने एक वाक्य रात्रभर घोकलं होतं. तुम्ही माझ्या बापाला मारलंत. पाहुण्यांच्या तोंडावर फेकायचं. मग ताफा बंद पडो, नाहीतर गाव वाळीत टाको.

तिने श्वास भरला. तेवढ्यात आईने विल्मरचा माइक मागून घेतला.

आईने मुखपट्टी खाली ओढली. पाहुण्यांकडे बघितलंच नाही. त्यांच्या डोक्यांवरून समुद्राकडे बघत ती आपल्या भाषेत बोलली. चार-पाच वाक्यं. मागे बसलेला अख्खा ताफा उभा राहिला. आत्याने आईचा हात धरला.

मिर्नाचं इंग्रजी घशातच राहिलं.

"काय म्हणाल्या त्या?" पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने विल्मरला विचारलं.

"म्हणतात, फार दिवस तुमची वाट पाहिली. तुमचं स्वागत आहे!" विल्मरने ठोकून दिलं.

पन्नास जणांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. फेर्मिनकाकांनी ढोलावर थाप मारली, चुकीची. मिर्नाला समोरचं काही दिसत नव्हतं, पण तिचे पाय हलायला लागले होते.

आई म्हणाली होती, "सेल्सो, बघ, तुझी सगळी माणसं आलीत. नऊ दिवसांची प्रार्थना आज पुरी झाली रे. पोटभर जेव. आता लेक नाचून तुला पोचवेल, मग जा."