आतलं चाक

पाच टायर या वर्षीचे होते. सहावा सात वर्षांपूर्वीचा.

तो थोरल्या भावानं माळ्यावरून काढला, काळं पॉलिश मारून फडक्यानं चमकवला आणि धाकट्याच्या पायाशी आणून टेकवला. दुकान थोरल्याचं, हात धाकट्याचे.

"मागच्या जोडीत आतल्या बाजूला घाल. आकडे आत जाऊ देत."

धाकट्यानं टायरच्या गालावरून अंगठा फिरवला. चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ज्याला वाचता येतात त्याच्यापासून टायर वय लपवू शकत नाही.

"दादा, रबर वाळलंय. कडेला बघ, भेगा. हे लोक घाट उतरणार आहेत."

"नक्षी कोरी आहे ना? एक पाऊल चाललेला नाही. नवा मागवला तर दोन दिवस लागतील. तोवर गिऱ्हाईक काय इथे चूल मांडून बसणार आहे?" थोरला आवाज खाली न आणता म्हणाला. "आणि आतलं चाक कोण बघतंय?"

चूल तर गिऱ्हाइकाबरोबरच होती. आवारात जॅकवर उचललेलं ते चाकांवरचं घर होतं: खिडक्यांना पडदे, आत दोन पलंग, शेगडी, भांड्यांची फळी. मालक चाळिशीचा, सारखा घड्याळ बघणारा. त्याची आई मात्र गाडी उचलायच्या आधीच खुर्ची घेऊन खाली उतरली होती आणि चाकाशेजारी बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती.

धाकट्यानं टायर रिमवर चढवला. आकडे आत. चाक उचलून बसवलं, त्यावर बाहेरचं बसवलं. बाहेरून बघितलं तर जोडी कशी, सख्ख्या बहिणींसारखी.

"माझा पलंग नेमका या चाकावर आहे," म्हातारी म्हणाली. "रात्री गाडी उभी असली तरी मला चाक कळतं. आमचे हे तीस वर्षं बस चालवायचे ना. सवय लागली."

"हो का," तो म्हणाला आणि नटावर पाना लावला. पाना दोनदा निसटला.

"मिस्त्री, आटपा हो," मुलगा ओरडला. "अंधाराच्या आत घाट उतरायचाय."

शेवटचा नट आवळला. जॅक खाली आला. घराचं सगळं वजन सहा टायरांवर बसलं, आणि धाकट्याला उगाच वाटलं, की आतून काहीतरी कुरकुरलं.

म्हातारीनं शेंगांचं पातेलं काखोटीला मारलं. "चला मिस्त्री, बसा आत."

"मी?"

"आमच्या यांचा नेम होता. ज्यानं चाक बसवलं, त्यानं पहिल्या उतारापर्यंत बरोबर यायचं. घाटाखाली नाक्यावर सोडू तुम्हाला. परतायला बस आहे."

"आई, पुरे तुझं," मुलगा वैतागला. मग धाकट्याकडे वळून म्हणाला, "मनावर घेऊ नका. शेगडीवाल्यालाही तिनं सोडला नव्हता. दुरुस्त केल्यावर पहिली काडी त्यालाच ओढायला लावली."

"ओढली ना त्यानं? हसत हसत ओढली," म्हातारी म्हणाली.

थोरला दारात आला. "तो कसा येईल, आजी? कामं तुंबलीत."

"मग तुम्ही चला. दुकान तुमचंच ना?"

"मला..." थोरल्याची नजर मागच्या चाकावर गेली आणि चटका बसल्यासारखी परत फिरली. "मला जमायचं नाही."

धाकट्यानं भावाकडे बघितलं. क्षणभरच. मग फडक्याला हात पुसले आणि पायरी चढला.

म्हातारीनं त्याला आपल्या पलंगावर बसवलं. घडी घातलेली गोधडी, उशीखाली चष्मा, उशाला मुलाचा लहानपणीचा फोटो. सगळ्याच्या खाली एक फळी आणि फळीखाली ते चाक. ती शेजारी टेकली. मूठभर दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. "घ्या. कोवळे आहेत."

इंजिन सुरू झालं. घर हललं, आवारातून हळूहळू फाटकाकडे निघालं. धाकट्यानं थोडे दाणे तोंडात टाकले. फाटकापलीकडे रस्ता डावीकडे वळत होता आणि वळताक्षणीच उतरू लागत होता. म्हातारीनं भिंतीतली कडी धरली, रोजच्यासारखी. त्याच्याकडे बघतही नव्हती.

"थांबा."

"आता काय राहिलं?" मुलानं ब्रेक दाबला. भांडी वाजली.

"जॅक लावायचाय. आतला टायर काढावा लागेल. जुना आहे तो, सात वर्षांचा. मीच बसवला." एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. "दुसरा नाहीये आमच्याकडे. मागवला तर दोन दिवस."

मुलगा सीटवरून उठला तो ओरडतच. कुठल्या कुठे गेला तो, थोरल्याच्या नावानं, धाकट्याच्या नावानं, सगळ्या टायरवाल्यांच्या सात पिढ्यांच्या नावानं. धाकटा मान खाली घालून ऐकत राहिला. मुठीत दोन दाणे उरले होते.

म्हातारी उठली. तिनं शेगडी पेटवली, पातेलं वर ठेवलं आणि खिडकीचा पडदा बाजूला सारला. थोरला दुकानाच्या दारात तसाच उभा होता.

"मिस्त्री," ती म्हणाली, "दादांना विचारून या. मांडलीच आहे चूल, तर तेही जेवतील का आमच्यात?"