पोत्यातला उजेड

दिवेलागणीला मुकुंदरावांच्या लक्षात आलं, की कॅराव्हॅनची बॅटरी चोरीला गेलीय.

"सजीव बॅटऱ्या एकत्र ठेवायच्या नसतात, त्यांची आपसांत मैत्री जमते," ते बायकोवर चिडले. "खंडेनवमीला तू तळ्याकाठच्या सगळ्या कॅम्पच्या बॅटऱ्या एका पाटावर मांडून पुजल्यास, तेव्हापासून आपल्या बॅटरीला कुणीच परकं वाटेना, तिचा चोर-अलार्मच बंद पडला."

"अहो, तिकडे बघा," हेमलताबाई हळूच म्हणाल्या.

तळ्याच्या पलीकडे एका बंद कॅराव्हॅनचा दिवा आपोआप लागला. मग शेजारचा, मग त्यापुढचा. चोर जिथून जाई, तिथल्या बॅटऱ्या आपल्या मैत्रिणीला ओळखत होत्या आणि त्याच्या पोत्यातून तीही उजळून ओ देत होती. सगळा काठ उजळला, तसा चोर थबकला आणि माघारी वळला.

त्यानं मुकुंदरावांच्या कॅराव्हॅनच्या पायरीशी येऊन चपला काढल्या, देव ठेवावा तशी बॅटरी दोन्ही हातांनी खाली ठेवली. त्याला मारायला उगारलेले आपले हात बॅटरीपुढे कधी जोडले गेले, ते मुकुंदरावांनाच कळलं नाही.