कालचा पाव

आजीच्या माहेरी ताज्या पावाचा पहिला खरपूस तुकडा तिचा असायचा. सासरचा नियम वेगळा होता. आधी कालचा पाव संपवायचा, मगच आजच्याला हात लावायचा. त्यामुळे लग्नापासून ती रोज सकाळी बेकरीतून गरम पाव छातीशी धरून आणायची, फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि कालचा चहात बुडवून खायची. सासूबाई गेल्यावर तो नियम आजोबांनी सांभाळला, तोही टेबलावर बोट आपटून.

आज आजी उशिरा परतली, रिकाम्या हातांनी.

"काय गं, पाव मिळाला नाही का?" आजोबांनी विचारलं.

"मिळाला की. चांगला वाफाळता होता," ओठांवरचा चुरा पुसत ती म्हणाली.

"तुम्ही आधी कालचा संपवा."