हुपरीचं गिऱ्हाईक

हुपरीच्या ईरप्पानं काचेखालची महागडी फणी परत एकदा बाहेर काढायला लावली, तेव्हाच संयोगिताला शंका आली.

अलीकडं अशी गिऱ्हाइकं वाढली होती. उद्यमनगरातल्या तिच्या दुकानात यायची, सुतारी हत्यारं हाताळायची, हजार प्रश्न विचारायची आणि "सांगतो" म्हणून जायची. मग तेच हत्यार घरातल्या कुणाला तरी सांगून इंटरनेटवरून स्वस्तात मागवायची.

फणी म्हणजे ॲल्युमिनियमची दातेरी पट्टी. ती फळीवर आवळायची आणि दातांमधून मशीन फिरवायचं. दोन फळ्यांना असे दात पडतात, की खिळा न मारता कोपरा एकमेकांत बसतो. ईरप्पा चांदीच्या दागिन्यांसाठी सागवानी डबे करायचा. आता एका व्यापाऱ्यानं परदेशी पाठवायला डबे सांगितले होते. कोपऱ्यात खिळा दिसला तर सगळा माल परत, असं बजावलंही होतं.

"पावणं, घ्यायची हाय, का नुस्ती बघायचीय?" संयोगितानं विचारलं.

ईरप्पा ओशाळला. मागं कुणी नाही ना ते बघून त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली आणि काउंटरवर ठेवली. तशीच फणी. रंग तेवढा वेगळा.

"पुण्याच्या भाच्यानं नेटवरनं मागवलीया. तुमच्या पाव किमतीत. लोकांनी तितं लई चांगलं लिवलंय म्हणतोय. पर लिवणारी कोण, कुठली, काय म्हाईत? तुमच्या सासऱ्यांनी दिलेला रंधा आमच्यात अजून चालतोय, वैनी. तुमी सांगा. ही खोटी निघाली तर तुमची आत्ता घिऊन जातो."

'वाईट आहे' एवढं म्हटलं की झालं असतं. दिवाळीपासून तिची फणी काचेखाली पडून होती. पण म्हणायचंच तर खोट दाखवून म्हणावं, म्हणजे मनाला लागणार नाही, असं तिला वाटलं. तिनं पदर खोचला आणि ईरप्पाची फणी बाकावर आवळली.

आवळताना प्लॅस्टिकच्या मुठी करकरल्या. मापाची पट्टी तिरकी चिकटवलेली होती. तिला बरं वाटलं. मग तिनं फणी सोडवली, काटकोन तपासायचा गुण्या दातांना लावला आणि उजेडाकडं धरून बघितलं. फट दिसेना. उलटी करून धरली, तरी दिसेना. तिनं फणी फळ्यांवर आवळून मशीन फिरवलं, फळ्या जोडल्या. कोपरा ढिला बसला.

"बघा!" ईरप्पा म्हणाला.

"थांबा." तिनं मशीनच्या कटरची खोली किंचित बदलली. तिच्या स्वतःच्या फणीलाही पहिल्यांदा एवढं करावंच लागायचं. दुसरा कोपरा हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी आत सरकला आणि गच्च बसला. मग तिनं आपल्या फणीवर एक कोपरा कापला आणि दोन्ही शेजारी ठेवले. बराच वेळ ती बघत राहिली. दोन्ही सारखेच होते.

"चालंल," ती शेवटी म्हणाली. "मुठी बदलून लोखंडी घाला. मापाच्या पट्टीवर जाऊ नका. पण दात सरळ हायत. तुमच्या डब्यांना ही पुरं."

बोलून तिला हलकं वाटलं. ईरप्पाचा चेहरा मात्र बदलला.

"मग तुमची म्हाग कशापायी?"

"जास्त टिकती. दिवसभर मशीन चालवणाऱ्याला लागती. तुम्हाला नको."

"मला नको व्हय." त्यानं तिची फणी उचलून निरखली. "हिच्यात काय खोट हाय?"

"आवो, काय न्हाय!"

"मग दुकान घालून बसलायसा आनि गिऱ्हाइकाला घिऊ नगो म्हणताय?" त्याचे डोळे बारीक झाले. "आमच्या गावचा बाळासोबी डबंच करतोय, त्यो येतोय न्हवं तुमच्याकडं? माझा माल परत आला की काम त्येलाच मिळणार. त्येनं सांगितलंय व्हय तुमाला?"

संयोगितानं आपली फणी त्याच्या हातातून काढून घेतली. "खरं ते सांगितलं. पटत नसंल तर कुणालाबी इचारा जावा."

ईरप्पानं स्वतःची फणी परत वर्तमानपत्रात गुंडाळली आणि रस्ता ओलांडून समोरच्या गणपतरावांच्या हत्यारांच्या दुकानात शिरला.

ती दारात उभी राहून बघत होती. गणपतरावांनी गुण्या काढला नाही की मशीन लावलं नाही. फणी एकदा उलटी केली, काउंटरवर टाकली, फडक्याला बोटं पुसली आणि हसले. ईरप्पाही हसला. इतका वेळ आखडलेले त्याचे खांदे सैल पडलेले तिला इथून दिसले.

थोड्या वेळानं तो बाहेर आला. काखेत लाल खोकं होतं. तिच्या काचेखाली होती तीच फणी, त्याच कंपनीची. वर्तमानपत्राचं पुडकं कुठं दिसत नव्हतं.

"ती कुठाय?" तिच्यानं राहवलं नाही.

"भंगार हाय म्हणाले. त्यांच्याकडंच टाकली." तो पायरीशी थांबला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट समजूत काढल्यासारखा तो म्हणाला, "वाईट वाटून घिऊ नगा, वैनी. पर मला सांगा, त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं. खरंच सांगायचं हुतं, तर तुमाला येवडा येळ का लागला?"